धाव

मिशनच्या फाटकासमोर अब्बांचा कारखाना.
कारखाना म्हणजे भट्टी, दोन कडुलिंब
आणि बाभळीचे आरे रचून झालेली भिंत.
तिथं चाकांवर धाव चढायची.
लाल झालेलं लोखंडी कडं तिघांनी चिमट्यांत धरायचं,
लाकडावर बसवायचं. धूर. मग घागरीनं पाणी,
आणि चाक दातओठ खाऊन करकरायचं.

डॉक्टरसाहेबांचा रॉय शाळा बुडवून हे बघत बसे.
आम्ही त्याला रायबा म्हणायचो.
केस कणसाच्या शेंडीसारखे,
शिव्या मात्र अस्सल मिरजेच्या.
टांग्याची एक जुनी धाव अब्बांनी आम्हाला दिली,
ती काठीनं पळवत स्टेशनापर्यंत जायचो.
वळणावर मी थांबायचो.
रायबा आतल्या अंगाला कलायचा,
जमीन काहीतरी सांगतेय आणि त्याला ऐकायचंय, असा.

एकोणसाठ साली ते लोक गेले, बोटीनं.
मग निळी पत्रं. मराठीत. ऱ्हस्वदीर्घाला सुट्टी.
'दसतगीर, ईथे मातीचा गोल रसता असतो.
गाडीला मडगार्ड नाही, चारी चाके ऊघडी.
चाकावरच्या रबराला टायर मनतात. आपला शबद बरा.
धाव मटले की ते आपोआप पळते.'
अब्बा म्हणाले, मग चिखल सगळा तोंडावर येत असेल.
पुढच्या पत्रात एवढंच: 'हो. येतो.'

ओहायो, इंडियाना, जत्रांची मैदानं, शनिवारच्या रात्री.
बक्षीस चाळीस डॉलर,
एकदा नुसतीच डुकराची मांडी
(हे अब्बांना वाचून दाखवलं नाही).
आणि गाड्या म्हणे डावीकडेच वळतात, जन्मभर डावीकडे.
अम्मा म्हणाली, तेल्याचा बैल तरी पोटासाठी फिरतो.
अब्बा म्हणाले, हाही.

मग इंडियानापोलिस. पाचशे मैल.
दोनदा त्याला रांगेतच घेतलं नाही,
दुसऱ्यांदा तर पापणी लवण्याइतका उशीर झाला म्हणून.
तिसऱ्या वर्षी तेहतिसांत एकतिसावा.
एकशे त्रेचाळिसाव्या फेरीला मागचं उजवं चाक निखळलं.
कात्रण आलं दोन महिन्यांनी:
गाडी भिंतीला टेकलेली, धुरात,
आणि चाक तिच्या पुढं, एकटं, उभं, पळत.
अब्बांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.
'चाक कुणी बसवलं होतं?'
मग थोड्या वेळानं, 'पोरगं बरं आहे का, ते आधी विचार.'

उत्तर दुसऱ्याच्या अक्षरात आलं, इंग्रजीत.
पोस्टमास्तरांनी वाचलं. हात भाजलाय, सोळा आठवडे खाट.
खाली मात्र तीन ओळी त्याच्या, डाव्या हाताच्या,
मुंग्या चालल्यासारख्या:
'अब्बांना सांग चाक कुठवर गेले कुणी मोजले नाही.
माझापेक्षा जासत गेले
एवडे नक्की.'

नंतरची अकरा वर्षं कात्रणांत नाहीत.
दुसऱ्यांच्या गाड्या, छोटी गावं, कधी पत्र, कधी नाही.
अब्बा गेले त्या वर्षी कळलं
की तो शाळेची बस चालवतो
आणि पोरं त्याला हळू चालवतो म्हणून चिडवतात.

दोन हजार चारला आला. काठी टेकत.
भट्टीच्या जागी माझं टायरचं दुकान,
अब्बांची ऐरण दाराला अडसर.
त्यानं काठीनं तिला ठोकून बघितलं, आवाजासाठी.
संध्याकाळी स्टेशनाकडे निघालो.
वळणावर मी सवयीनं थांबलो. तोही थांबला.
म्हटलं, तू का?
म्हणाला, 'शिटी बस येतीया की रं, मरायचंय व्हय?'

सकाळी कुपवाडच्या कुणाची इंडिका आली, स्टिअरिंग थरथरतंय म्हणून.
चाक मशीनवर चढवलं.
रायबा खुर्चीवरून उठला, चांगला हात पुढं केला,
फिरत्या रबराजवळ नुसता धरला, डोळे मिटून.
'हितं. वीस ग्रॅम.'
मशीननं पंचवीस दाखवले.
मी वीसच ठोकले.